मास्तरांचं आमेन

गावातल्या तिन्ही चर्चचे लोक एका मांडवाखाली बसून प्रार्थना करणार, हे ऐकून सुलोचनाबाईंना हसूच आलं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायचं म्हटलं तरी नाकं मुरडणारी ही माणसं! मिशनवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, रोमनवाल्या कॅथलिकांना मूर्तिपूजक म्हणायचे. रोमनवाले मिशनवाल्यांना घर सोडून पळालेली पोरं म्हणायचे. आणि टिनाच्या शेडमध्ये हालेलुया करणाऱ्यांना दोघं मिळून टाळकुटे म्हणायचे. तेवढं एक काम मात्र त्यांनी आजवर अगदी एकदिलानं केलं होतं.

सुलोचनाबाई रोमन. त्यांचा नवरा इश्वर मिशनच्या देवळात वाढलेला, पण बायकोसाठी रोमन झालेला. आता तो छातीच्या दुखण्यानं खाटेला खिळला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याला मरणाची भीती नव्हती. त्याचं मागणं एकच होतं, आईशेजारी माती मिळावी. त्याची आई गोदावरीबाई मिशनच्या कब्रस्तानात चिंचेखाली पुरलेली होती, आणि तिच्या बाजूची जागा रिकामी होती.

सुलोचनाबाई मिशनच्या पंचांचे मुख्य सेवकराम मास्तर यांच्याकडे गेल्या. मास्तर ओसरीत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही.

"इश्वरनं आमाले सोडलं तवाच इथली जागा सोडली, बाई. आमच्या मातीत रोमनवाला नाई चालत."

"माय चालते, पोरगा नाई चालत?"

"नियम म्हंजे नियम," मास्तर म्हणाले आणि एक शेंग तोंडात टाकली.

रोमन चर्चच्या फादरना विचारलं, तर त्यांनी दूरच्या शहरातलं रोमन कब्रस्तान सुचवलं. जिवंत माणूसही तिथं पोचेपर्यंत अर्धमेला व्हायचा. सुलोचनाबाई दोघांच्याही दारातून मनातल्या मनात थुंकून परत आल्या.

प्रार्थना जानेवारीत, मिशनच्या अंगणात ठरली. धान घरात आलं होतं, लोक मोकळे होते. अंगणाला लागूनच कब्रस्तानाची भिंत. मांडव मिशनचा, माईक हालेलुयावाल्यांचा आणि मेणबत्ती रोमनवाल्यांची. त्या मेणबत्तीवरून पंचांनी तीन बैठका घेतल्या. शेवटी ती टेबलावर ठेवायची पण पेटवायची नाही, असं ठरलं. अशी ती थंडगार मेणबत्ती तिन्ही चर्चच्या ऐक्याची खूण म्हणून उभी होती. सुलोचनाबाईंना वाटलं, यापेक्षा खरी खूण शोधूनही सापडली नसती.

प्रार्थना सुरू झाली. रोमनवाले गुडघे टेकून, मिशनवाले ताठ उभे, हालेलुयावाले हात वर करून. मग सुरू झाली आमेनची चढाओढ. एका बाजूनं आमेन आलं की दुसरी बाजू त्याहून मोठ्यानं म्हणायची. सेवकराम मास्तर पहिल्या रांगेत डोळे मिटून उभे होते. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की मास्तरांचं आमेन तयार. आपला आवाज खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक. मागे कढईत शिजणाऱ्या आलुपोह्यांचा वास सुटला होता आणि मास्तरांचं नाक अधूनमधून तिकडं वळत होतं. प्रार्थनेतला एक शब्दही या माणसाच्या कानात शिरत नाही, हे सुलोचनाबाईंनी ओळखलं.

प्रत्येक चर्चमधून एका बाईनं प्रार्थना करायची होती. रोमनवाल्यांकडून माईकची भीती नसलेल्या म्हणून सुलोचनाबाई. "सरकारसाठी आणि आजाऱ्यांसाठी मागा," फादरनी बजावलं होतं. त्या माईकपाशी गेल्या, पदर नीट केला आणि सूर लावला.

"हे स्वर्गीय पित्या, राज्य करणाऱ्यांना सुबुद्धी दे."

"आमेन!"

"आमच्या गावचे तलाव भरलेले ठेव, धानाले कीड लागू देऊ नको."

"आमेन!" मास्तर सगळ्यांत पुढे.

सुलोचनाबाईंचा सूर हलला नाही. "आमी सारे एक हाओत, असं आज तुह्या समोर सांगतो. म्हणून आमच्यातला इश्वर डोळे मिटन, तवा त्याले याच भिंतीमागं, चिंचेखाली, त्याच्या मायजवळ माती देऊ, असं आमी सारे तुले वचन देतो."

"आमेन!" तिन्ही बाजू गरजल्या. मास्तरांचा आवाज तर चिंचेपर्यंत गेला.

मग आपण काय म्हणून बसलो, हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. मास्तरांनी डोळे उघडले. हालेलुयावाला धनीराम एवढा खूश झाला की त्यानं ढोलकीवर एक थापही मारली.

मास्तर लगबगीनं पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, हे का लावलं तुमी? मी काई कबूल नाई केलं. ते तर प्रार्थनेतलं आमेन होतं."

"मंग?" सुलोचनाबाईंनी माईक त्यांच्या तोंडापुढं धरला. "देवाले सांगून टाका ना, नाई म्हणून. चालूच हाये."

मास्तरांनी माईककडं पाहिलं, सभेकडं पाहिलं. पंच मांडवाचे बांबू मोजल्यासारखे वर बघत होते. मिशनच्या पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. मास्तर जागेवर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पोह्यांची बशी तशीच ठेवली, आणि सुलोचनाबाईंनी मात्र दोनदा मागून घेतली.

घरी आल्यावर इश्वरला सगळं सांगितलं. "सेवकराम मास्तर बी आमेन म्हणाले?" त्यानं विचारलं.

"सगळ्याइच्यापेक्षा जोरानं."

इश्वर खोकला येईस्तोवर हसला. मग भिंतीकडं तोंड करून रडला. सुलोचनाबाई त्याची पाठ चोळत बसल्या.

होळीच्या आधी तो गेला. चिंचेखाली खड्डा खोदला गेला, कोणाची विरोध करायची छाती झाली नाही. उलट पाळकसाहेब आणि फादर दोघंही मातीच्या ढिगाशी उभं राहून ऐक्याचं फळ, ऐक्याचं फळ म्हणत होते. सुलोचनाबाईंनी दोघांकडंही पाहिलं नाही. शेवटची प्रार्थना झाली आणि सगळे आमेन म्हणाले. सेवकराम मास्तर तेवढे थांबले. प्रार्थनेत काय काय होतं ते त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासून पाहिलं, आणि मग हळूच, तोंडातल्या तोंडात, आमेन म्हटलं.