लेझरच्या दारात अत्तरवाला

अत्तरवाल्याला जगात दोनच गोष्टींचा गर्व होता: स्वतःची मिशी आणि पोटची पोर. रोज सकाळी दुकान उघडलं की तो मिशीला अत्तराचं बोट लावायचा, टोकं पिळून वर चढवायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला, विचारलेलं असो वा नसो, पोरीचं कौतुक ऐकवायचा. पोरगी डोळ्यांची डॉक्टर. लेझरने चष्मे घालवायला शिकत होती आणि आता पहिल्यांदाच एकटीच्या हिमतीवर ऑपरेशन करणार होती. ते बघायला जायचं, हे बापाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"तुम्हाला नाही येता येणार, बाबा," ती जेवताना म्हणाली.

"का? गप्प उभा राहीन की."

"तुम्ही राहाल हो गप्प. तुमचं अत्तर राहायचं नाही."

मग तिने समजावून सांगितलं. हा लेझर म्हणजे न दिसणारे अतिनील किरण, ठोक्याठोक्याने पडणारे. एकेक ठोका बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा इतका बारीक थर उडवतो की शेजारी चटकाही बसत नाही. पडद्याला हवा तसा आकार आला की नजर सुधारते. पण खोलीत अत्तराची वाफ असली तर ती वाटेतच थोडे किरण गिळते. मग ठोका कमी पडतो आणि आकार चुकतो.

"म्हणून तर लेझरच्या आदल्या दिवशी मी मैत्रिणीकडे राहते. तुम्हाला वाटायचं, अभ्यासाला जाते."

अत्तरवाल्याने हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या अत्तरावर पोरीला शिकवलं, त्याचंच तिच्या कामाला वावडं! असा कोण टिकोजीराव लागून गेला हा लेझर? त्याला फार लागलं. पण ऐकून घेईल तर तो अत्तरवाला कसला!

त्याने दुकानाला कुलूप ठोकलं. बिनवासाच्या साबणाने अंग लाल होईस्तोवर घासायला लागला. कपडे नवे आणले आणि तेही धुऊन घेतले. "लग्न झाल्यापासून आज कळलं, तुम्हाला स्वतःचा वास आहे," बायको म्हणाली. "बरा आहे हो." लेकीला मात्र दोघांनी पत्ता लागू दिला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तो लेझरच्या दारात हजर झाला. शेजारी काचेची खिडकी असलेली चिंचोळी खोली होती, तिथून आतलं दिसायचं. पण दारावर सिस्टर होत्या आणि त्यांचं नाक भलतंच तिखट. दाढीनंतरचं लोशन लावून आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा परत धाडलं होतं.

त्यांनी त्याला हुंगलं. "काका, घड्याळ काढा. पट्ट्याला वास आहे."

त्याने घड्याळ काढलं. सिस्टरांनी पुन्हा हुंगलं आणि जरा अवघडून म्हणाल्या, "मिशी."

अत्तरवाल्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचं अत्तर त्या केसांत मुरलं होतं, ते साबणाला थोडंच दाद देणार?

"बाहेर टीव्हीवर दिसतं की सगळं," सिस्टर म्हणाल्या.

"टीव्हीवर डोळा दिसणार. मला माझी पोरगी बघायचीय, सिस्टर." त्याने मिशीवरून एकदा बोट फिरवलं. "रेझर आहे?"

नुसत्या पाण्यावर त्याने मिशी उतरवली. डोळ्यांत पाणी आलं, ते रेझरमुळे, असं त्याने सिस्टरांना न विचारताच सांगितलं. त्यांनी पुन्हा हुंगलं आणि दार उघडलं.

टेबलावर बेकरीत काम करणारी एक बाई होती. भट्टीसमोर चष्म्यावर सारखी वाफ धरायची, त्याने ती मेटाकुटीला आली होती. "हिरव्या दिव्याकडे बघत राहा," लेक म्हणाली. "छान. अगदी अशाच." घरात चहा सांडणारी ती हीच का, असा तिचा हात स्थिर होता. टकटकटक आवाज सुरू झाला. आतल्या दाराच्या फटीतून उडणाऱ्या थरांचा केस जळल्यासारखा वास आला आणि अत्तरवाल्याने तो छाती भरून घेतला. आपल्या दुकानात याच्या तोडीची एक बाटली नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

दोन्ही डोळे झाले. बाई उठून बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओरडली, "काटे दिसतायत! धूसर आहेत, पण दिसतायत!"

सारा वेळ हात मागे बांधून उभे असलेले मोठे डॉक्टर म्हणाले, "माझी गरजच पडली नाही."

लेकीने मान वर केली. काचेपलीकडे सिस्टरांशेजारी कुणी अनोळखी, सोललेल्या ओठाचा म्हातारा उभा होता. बाईंच्या घरचा असेल, असं समजून ती त्याला बघून हसली आणि हातमोजे काढायला लागली.

अत्तरवाल्याला हाक मारायचं सुचलंच नाही. ऊर भरून आला की त्याचा हात जिथे जायचा, तिथेच तो गेला. चिमटीत काही आलं नाही. तरी त्याने ते नीट पिळलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि दोन्ही टोकं वर चढवली.

लेकीचा हातमोजा अर्धाच निघाला होता. तशीच ती काचेपाशी धावली, आणि मास्कच्या आत तिचे ओठ हललेले सिस्टरांनाही कळले: "बाबा!"