बाराव्या शिंगाची कबुली

मी एक जुनं शिंग आहे, मित्रांनो. गाईचं नाही, बैलाचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण एक अख्खा हिवाळा मी गाईचं शिंग म्हणून जमिनीत पडून राहिलो आणि त्यापायी एका भल्या माणसाची मान खाली गेली.

माझा बैल पवळ्या, देऊळगाव राजाजवळच्या उकंडरावांच्या मळ्यातला. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा गावातल्या फकीर मोहम्मद फणीवाल्यांनी मला नेलं. शिंगांच्या फण्या करणं हा त्यांचा धंदा. पण माझी फणी न करता त्यांनी मला आतून कोरून साफ केलं, काठाशी भोक पाडून दोरी ओवली आणि मालकांना परत दिलं. मग मी बैलगाडीखाली लटकत असे. माझ्यात एरंडेलाचं काळं वंगण भरलेलं असे. चाक कुरकुरलं की गाडीवान माझ्यात काडी बुडवी. ‘उकंडरावांची गाडी आली तरी कळत नाही,’ असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे ती गाडी मोडली आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर धूळ खात राहिलो.

उकंडरावांनी द्राक्षांचा बाग लावला होता. त्या द्राक्षांचं आसव गावचे वैद्य बाळंतिणींना देत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. नागपूरहून शेतकी खात्याचे साहेब येऊन बाग बघून जात, तरी वेली दरसाल थकतच होत्या. अशात मालकांच्या धाकट्या भावाचं जर्मनीहून पत्र आलं. तो तिकडे शिकायला होता. तिथले द्राक्षवाले म्हणे व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरतात, शिंगं हिवाळाभर जमिनीत पुरतात, मग ते मुरलेलं शेण चिमूटभर घेऊन पाण्यात तासभर घुसळतात आणि वेलींना शिंपडतात. गाईचं शिंग ओळखायची खूणही त्यानं लिहिली होती. दर वेताला शिंगावर एक कडं उमटतं.

बागेचे माळी पुंजाजी हे ऐकून म्हणाले, “मालक, गाईच्या पोटातून शेण एकदा निघालंच हाय. तवा त्याले काय कमी पडलं होतं, पुन्हा शिंगात घालाले?”

उकंडराव हसले, पण बारा शिंगं आणायचं काम त्यांनी फकीर मोहम्मदांकडे दिलं. फकीरचाचांनी एकेक शिंग बोटांनी चाचपून, कडी मोजून पोत्यात भरलं. बारावं शिंग घरच्याच कपिला गाईचं होतं. ती त्याच पावसाळ्यात गेली होती.

पोतं ओसरीवर होतं. दुपारी मालकीणबाई, गोजरबाई, तिथं एकट्याच आल्या. त्यांचा मुलगा झाला तेव्हा त्यांना दूध नव्हतं, तो कपिलेच्या दुधावर वाढला. त्यांनी तिचं शिंग पोत्यातून काढलं आणि पदराखाली धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यात शेण भरून ते मातीत गाडायचं, हे त्यांच्यानं होईना. मग त्या गोठ्यात आल्या आणि त्यांनी मला खुंटीवरून काढून पोत्यात टाकलं.

मला तेव्हा आनंद झाला, मित्रांनो. हीच माझी चूक. पुन्हा कामाला लागलो, एवढंच मला दिसलं. माझ्या अंगात वंगण मुरलेलं आहे, हे मी विसरून गेलो.

कोजागिरीला घाईघाईत शेण भरून आम्हाला पुरलं, गुढीपाडव्याला उकरलं. पुंजाजींनी एकेक शिंग टोपल्यात झटकलं. अकरा शिंगांतून काळंभोर, जंगलातल्या मातीसारख्या वासाचं खत पडलं. शेवटी मी. माझ्यातलं शेण कच्चंच होतं, हिरवं आणि तेलकट. ते सगळ्यात कालवलं गेलं. टोपलंभर खत नासलं.

उकंडरावांनी मला धुऊन पाहिलं. अंगावर एकही कडं नाही.

“फकीरभाई,” ते भर बागेत म्हणाले, “बैलाचं शिंग गाईचं म्हणून माझ्या गळ्यात मारलं?”

फकीरचाचांनी मला हातात घेतलं. काठाचं भोक त्यांनी स्वतः पाडलेलं होतं. त्यांच्या अंगठ्यानं ते लगेच ओळखलं. त्यांनी वर पाहिलं, तर गोजरबाई दाराशी उभ्या, तोंड पांढरंफटक.

“नजर कमी झाली, मालक,” ते म्हणाले. “चूक माझीच.”

मला वाटलं, आता बाई बोलतील. त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर बाजारात फकीरचाचांची थट्टा सुरू झाली. “काऊन चाचा, ही फणी हाय का फावडं? नीट पाहून द्या बरं,” असं बायका हसून म्हणत. काही तर येईनाशाच झाल्या. मी पुन्हा खुंटीवर गेलो. गोजरबाई धार काढायला आल्या की माझ्याकडे पाठ करून बसत. मीही त्यांच्याकडे बघत नसे.

वर्ष होत आलं. मग एका बाजाराच्या दिवशी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि त्या फणीवाल्याच्या दुकानात गेल्या.

“चाचा, ते मीच केलं होतं.”

“मले त्याच दिवशी समजलं, बाई.”

“मग बोलले काऊन नाही?”

“तुमचं तोंड पाहिलं. अन् मले वाटलं, आज नाही तर उद्या तुम्हीच सांगसाल.” त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. “उद्या लई लांबला, बाई.”

गोजरबाईंनी त्याच दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. उकंडराव आधी चिडले. मग पागोटं घालून बाजारात गेले आणि चार माणसांदेखत म्हणाले, “फकीरभाई, चूक आमच्या घरची. तुमची नाही.” फकीरचाचांनी त्यांना बसायला पाट दिला. पुढच्या कोजागिरीला बारा शिंगं त्यांनीच आणून दिली. बाराही गाईची.

पण थट्टा ऐकणारे शंभर होते आणि हे ऐकणारे चार. बाकीच्यांसाठी फकीरचाचा शेवटपर्यंत बैलाची गाय करणारेच राहिले.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, तुमच्यामुळे कोणी बोल खात असेल, तर तो बोल खोटा ठरवायला वर्ष लावू नका. त्याच जागी, तेवढ्याच लोकांपुढे बोला. मला तोंड होतं, पण जीभ नव्हती. तुम्हाला दोन्ही आहेत.