दोन घरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. कोनाड्यात ठेवतात किंवा खुंटीला अडकवतात तसला नव्हे. भर समुद्रात एक खडकाळ बेट आहे, तुमच्या शाळेच्या मैदानापेक्षा थोडेसेच मोठे. त्यावर एक दगडी मनोरा आहे आणि मनोऱ्याच्या माथ्यावर काचेच्या खोलीत मी बसलेलो आहे. नुसता बसलेलो आहे. हल्ली मला तेवढेच काम उरले आहे.

माझी टाकी पितळेची आहे. भोवती जाडजूड भिंगांचा पिंजरा आहे. ही भिंगे घासणाऱ्या कारागिराने शेवटी माझ्यावर फुंकर मारली, फडक्याने पुसले आणि म्हटले, "जा बाबा एकदाचा! तुझ्यापायी माझे खांदे गेले." ते मी कौतुक समजून आजवर जपून ठेवले आहे.

या बेटाच्या पूर्वेला एक देश आहे आणि पश्चिमेला दुसरा. मला बसवले तेव्हा दोन्ही किनाऱ्यांच्या बंदरांनी मिळून वर्गणी काढली होती. तेल पूर्वेकडून यायचे, वाती आणि काचा पश्चिमेकडून. बेट कोणाचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. विचारला असता तर लोक हसले असते. पाणी नाही, झाड नाही, समुद्रपक्ष्यांच्या शिटेने पांढरा झालेला खडक. फुकट दिला तरी घेणार कोण?

माझी देखभाल करायला एक दिवेवाला आणि त्याची बायको होती. त्या बाईंना दोन्ही किनाऱ्यांचे कोळी वहिनी म्हणायचे. दिवेवाला रोज संध्याकाळी माझी वात कापायचा, काडी लावायचा आणि भिंगे फिरवणारे यंत्र चालावे म्हणून हँडल मारून साखळीचे वजन वर चढवायचा. सकाळी वहिनी जुन्या धोतराच्या फडक्याने माझ्या काचा पुसायच्या. पुसता पुसता बोलायच्या, "काय रे, रात्रभर जागलास ना? आता झोप." आणि ते फडके माझ्यावर पांघरायच्या. मित्रांनो, दिव्यालाही झोप लागते. पण कोणी पांघरूण घातले तरच.

ते दिवस कामाचे होते. दोन्हीकडच्या होड्या माझ्या उजेडात घरी जायच्या. पूर्वेकडचा एक म्हातारा कोळी होता, त्याला सगळे तात्या म्हणत. पश्चिमेकडचा एक होता ढोल्या. त्याचे पोट होडीच्या आधी किनाऱ्याला लागते, असे तात्या म्हणायचा. दोघांचे जाळ्यांवरून भांडण ठरलेले. खालच्या पायऱ्यांवर बसून ते वहिनींकडचे पाणी प्यायचे आणि एकमेकांची उणीदुणी काढायचे.

"तुझ्या जाळ्यात मासे येतात ते दमून बसायला," ढोल्या म्हणायचा.

"आणि तुझ्या होडीला बघून पळतात. त्यांना वाटतं, देवमासा आला!"

वहिनी वरून ओरडायच्या, "भांडा, पण माझा तांब्या पाडू नका!"

मग एके वर्षी मोठमोठी जहाजे आली आणि समुद्राच्या तळाशी नळ्या सोडून काही शोधू लागली. दिवेवाल्याने वहिनींना सांगितले की खाली खनिज तेल आहे म्हणे. ज्याचे बेट, त्याचा भोवतालचा समुद्र. ज्याचा समुद्र, त्याचे तेल आणि त्याचे मासे. वहिनी काचा पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे आता आपले पाहुणे वाढणार," त्या म्हणाल्या.

पाहुणे आले. पूर्वेकडच्या शिपायांनी खडकावर झेंडा रोवला, फोटो काढला आणि गेले. वारा एवढा होता की पुढच्या आठवड्यात झेंडा समुद्रात. मग पश्चिमेकडचे आले. त्यांनी झेंडा नको म्हणून सरळ मनोराच आपल्या रंगाने रंगवला. पूर्वेकडच्यांनी तो खरवडून वर आपला रंग दिला. तुम्ही हसाल, पण त्या काळात मी जितका रंगवला गेलो तितकी कुठली नवरीही सजली नसेल. माझे काम मात्र कोणी विचारले नाही.

त्यातच वादळात माझ्या खोलीची एक काच तडकली आणि तिचा कोपरा निखळला. दिवेवाल्याने नेहमीप्रमाणे पश्चिमेकडे काच मागितली. पूर्वेकडून निरोप आला, "त्यांनी काच बसवली तर बेट त्यांचं ठरेल. आम्ही ते आक्रमण समजू." मग पूर्वेने काच पाठवली. पश्चिमेने ती वाटेतच अडवली. कारण मुलांनो, जो दुरुस्ती करतो तो मालक, असे मोठ्या लोकांच्या कायद्यात धरतात. वाचायला हे बरे वाटते. पण इथे दोघांनाही मालक व्हायचे होते, म्हणून दोघांनीही एकमेकांना दुरुस्ती करू दिली नाही. तेलाचेही तेच झाले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा मी.

दोन्ही देशांच्या पाठीशी त्यांची त्यांची बलाढ्य मित्रराष्ट्रे होती. हळूहळू क्षितिजावर दोन्ही देशांच्या राखाडी युद्धनौका दिसू लागल्या, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. होड्यांना बेटाजवळ यायला बंदी झाली. शेवटी दोघांनी एवढेच ठरवले की बेटावर कोणाचेच माणूस नको. दिवाही नको, कारण दिवा लावणे म्हणजे हक्क सांगणे.

दिवेवाला आणि वहिनी निघाले त्या सकाळी त्यांनी माझी वात कापली. टाकीत उरलेले तेल काढले नाही. काड्यांची पेटी दिवेवाल्याने घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कोनाड्यात ठेवली.

"कोण येणार आहे लावायला?" तो म्हणाला.

"कोणी येईलही," वहिनी म्हणाल्या. त्याने माझ्यावर फडके घातले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोरी घेतली. वहिनींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "झाकून ठेवा, पण बांधू नका. त्याला वाटेल आपण परत येणारच नाही." आणि फडक्याची टोके त्यांनी भिंगांच्या पिंजऱ्यात नुसती खोचून ठेवली.

त्यानंतर मी एकटा पडलो. मित्रांनो, एकटेपणा म्हणजे जवळ कोणी नसणे एवढेच नव्हे. दोन युद्धनौका दुर्बिणी लावून सदैव माझ्याकडेच बघत होत्या. इतक्या लोकांनी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितले नव्हते. पण त्यांतल्या एकालाही माझ्या काचेवर साचलेले मीठ दिसत नव्हते.

एके दुपारी धुके आले. पिंजलेल्या कापसासारखे दाट. संध्याकाळ व्हायच्या आतच अंधारले. माझ्या खडकावर काहीतरी धडकल्याचा आवाज झाला, पाठोपाठ शिव्या ऐकू आल्या, आणि त्या शिव्या माझ्या ओळखीच्या होत्या. तो ढोल्या होता. बंदी मोडून तो मुद्दाम आला नव्हता. वाट चुकून त्याची होडी खडकावर आदळली होती. थोड्याच वेळात दुसऱ्या बाजूने तात्या आला. तो मात्र मुद्दाम आला होता.

"माझा धाकटा भाऊ बाहेर आहे," तो धापा टाकत म्हणाला. "त्याची हाक ऐकली मी. हा खडक त्याला दिसणार नाही रे. तुझी होडी फुटली, त्याचीही फुटेल. आणि त्याला मेल्याला पोहताही नीट येत नाही!"

"कोळी असून?"

"आईचा लाडका. चल वर!"

दोघे जिना चढून आले. तात्याने माझ्यावरचे फडके काढले आणि काचेवरचे मीठ बाहीने पुसले. त्या स्पर्शाने मला भरून आले. डब्यातल्या काड्या कोरड्या होत्या. वात पेटली खरी, पण तडकलेल्या काचेतून वारा येऊन ज्योत विझू लागली. ढोल्याने अंगातला सदरा काढून त्या भोकात कोंबला आणि उघड्या पोटाने हँडल मारू लागला. किती वर्षांनी माझी भिंगे फिरली! माझा उजेड धुक्यात शिरला.

आणि त्याच क्षणी दोन्ही युद्धनौकांनी तोफा वळवल्या.

धुक्यात त्या नकळत बेटाच्या अगदी जवळ सरकल्या होत्या. माझ्या उजेडात त्यांना पहिल्यांदाच एकमेकींची नाके दिसली आणि दोघीही दचकल्या. प्रत्येकीला वाटले, समोरच्यांनी माणसे उतरवून दिवा लावला, बेट घेतले. घाबरलेल्या माणसाच्या हातात काठी असली तरी धोका असतो. यांच्या हातात तोफा होत्या.

तात्याच्या कमरेला वॉकीटॉकी होता, पूर्वेकडच्या नौकेने आपल्या कोळ्यांना दिलेला. तो खरखरला. "बेटावर दिवा कोणी लावला? कोणाच्या हुकमाने?"

"साहेब, काडीने लावला," तात्या म्हणाला.

"चेष्टा नको! ताबडतोब विझवा, नाहीतर आम्ही तोफेने विझवू."

तोवर दुसऱ्या नौकेचा भोंगा गरजला, "मनोऱ्यावर एक जरी गोळा पडला तरी आम्ही उत्तर देऊ!"

तात्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचा हात माझ्या वातीच्या चाकावर आला. ते चाक फिरवले असते तर मी विझलो असतो, दोन्ही नौका शांत झाल्या असत्या, आणि त्याचा भाऊ काळोखात खडकाकडे येत राहिला असता.

"विझवू नकोस," ढोल्या म्हणाला. "तुझ्या साहेबाला सांग, वर तू आहेस. मी माझ्या साहेबाला सांगतो, वर मी आहे."

"त्याने काय होणार?"

"अरे, तुझा साहेब तुला मारेल का? तुला बघून मारावंसं वाटतं ते सोड."

तात्या वॉकीटॉकीत ओरडला, "मी तुमचाच माणूस आहे साहेब! माझा भाऊ पाण्यात आहे!" ढोल्याने काचखोलीचे दार उघडले, बाहेरच्या सज्जात जाऊन उजेडात उभा राहिला, आणि आपल्या नौकेकडे तोंड करून भसाड्या आवाजात ओरडला, "मी तुमचा ढोल्या! ओळखलं नाही का? एवढं पोट दुसऱ्या कोणाचं आहे किनाऱ्यावर?"

तोफा तशाच रोखलेल्या होत्या, पण गोळा सुटला नाही. ढोल्या परत येऊन हँडल मारू लागला. तात्या काचेला नाक लावून धुक्यात बघत होता. मी जळत होतो. टाकीत तेल थोडेच होते. आयुष्यात एवढा जपून मी कधीच जळलो नाही.

मग खालून हाक आली, "दादाऽऽ!"

तात्या जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली गेला. आधी थप्पड ऐकू आली, मग रडणे. थप्पड कोणी मारली हे तुम्ही ओळखलेच असेल. रडतही तोच होता.

थोड्या वेळाने तो वर आला आणि वॉकीटॉकीत म्हणाला, "साहेब, आमचं माणूस आलं. आता धुकं विरलं की दिवा आम्हीच विझवतो." धुके विरले, ढोल्याने वात खाली केली आणि काड्यांचा डबा पुन्हा कोनाड्यात ठेवला. तात्याने माझ्यावर फडके पांघरले आणि होडी फुटलेल्या ढोल्याला आपल्या होडीत घेतले. दोन्ही नौका हळूहळू मागे सरल्या. पुढे म्हणे दोन्ही देशांनी जाहीर केले की आमच्या धाकाने दिवा विझला. ढोल्याचा सदरा अजून काचेच्या भोकात आहे. ती दुरुस्ती धरायची की नाही, यावर मोठमोठ्या लोकांच्या बैठका चालू आहेत असे नौकांच्या भोंग्यांवरून ऐकतो.

त्यानंतर इथे कोणी आले नाही. नौका आहेत, दुर्बिणी आहेत. टाकीच्या तळाशी चार बोटे तेल उरले आहे. मीठ पुन्हा साचले आहे. मी कोणाचा, ते मला आजही ठाऊक नाही, आणि खरे सांगू, ते मी कधी विचारलेही नव्हते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी साहेब होईल, कोणी नौकेवर जाईल, कोणी बैठकांना बसेल. एखाद्या जागेसाठी 'माझी, माझी' असे भांडण तुमच्यासमोर येईल, तेव्हा आधी एवढेच विचारा की तिथला दिवा पुसतो कोण, आणि अंधारात कोणाचा भाऊ अडकला आहे.

पुन्हा धुके आले, तर मी आहे. काड्या डब्यात आहेत. वहिनींचे फडके माझ्यावर आहे. झाकलेले आहे, बांधलेले नाही.