डाव्या बाजूचे नऊ मिलिमीटर

‘अपघातानंतर बदललेली’ हे शब्द नीवेसनं दोनदा वाचले. पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून दुसऱ्याच गाडीचा कागद हातात दिलाय.

“डाव्या बाजूबद्दल आहे ते,” इंजिनियर मोर्सेल्ली म्हणाला. जुन्या गाड्यांच्या क्लबसाठी गाड्या तपासायचं काम या वर्षीच त्याच्याकडे आलं होतं. लेझरचं यंत्र तिपाईवर उभं करून त्यानं नुकतीच तिच्या गाडीची मापं घेतली होती. “पुढचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा नऊ मिलिमीटर लांब आहे. कधीतरी ठोकर बसली असणार, मग कुणीतरी नवी बाजू बसवली असणार.”

“कुणीतरी?” नीवेस म्हणाली. “तो कुणीतरी तिथे खुर्चीत बसलाय. जा, विचारा त्याला.”

क्लबच्या अंगणात, अक्रोडाच्या सावलीत, तिचे वडील नेरिओ घडीच्या खुर्चीत बसून पीच खात होते. वय नव्वद. तरुणपणी ते बालेस्त्रीच्या कारखान्यात पत्रा ठोकायचे. कारखाना कसला, मोदेनाबाहेरची एक लांबट शेड. तिथे चार वर्षांत चौदा गाड्या झाल्या आणि १९६६ साली शेडला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी मालकानं नेरिओंना एक गाडी देऊन टाकली, कारण तिचं इंजिन जाम झालं होतं आणि ती ढकलत न्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुढे नीवेस लेथवर काम करायला शिकली, त्याच कामातून निवृत्त झाली, आणि मग अकरा हिवाळे तिनं ते इंजिन उघडण्यात घालवले. या मे महिन्यात ते सुरू झालं.

गावातल्या गावात तिनं गाडी फिरवून आणली होती. पण घाट मात्र राखून ठेवला होता, रविवारसाठी. रविवारी तोर्रे मायनापासून सेर्रामाझोनीपर्यंत क्लबची चढाई होती. रस्ता बंद, समोरून कुणी येणार नाही, इंजिनाला मोकळं सोडता येणार. नेरिओंनी चौदा गाड्यांना पत्र्याचं अंग दिलं, पण त्या घाटात त्यांना एकीतूनही कुणी नेलं नव्हतं. चाचणीवाले ड्रायव्हर गाडी घेऊन फाटकाबाहेर पडत, पत्रेवाले पुढच्या पत्र्याकडे वळत. लांबून आवाज यायचा, तेवढाच त्यांचा वाटा. म्हणून रविवार. आणि क्लबचं प्रमाणपत्र नसेल तर रविवारचा नंबर नाही.

“बाई, मी आकस धरून बोलत नाही,” मोर्सेल्ली म्हणाला. “मापं तुम्हीच बघा. अध्यक्षांची बालेस्त्री घ्या. तिच्या दोन्ही बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारख्या आहेत. आमच्या नोंदवहीत तीच नमुना म्हणून धरलीय.”

“अर्धा मिलिमीटर?” नीवेसनं विचारलं. “मोगरीनं ठोकलेल्या पत्र्यात?”

“कसब असतं लोकांत.”

“मला सांगताय? इंजिनियर, डावी बाजू एक माणूस करायचा, उजवी दुसरा. डावी बाबांची, उजवी एझ्झिओकाकांची. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा, ठोकायचा, तारेच्या सांगाड्याला लावून बघायचा, परत ठोकायचा. तो तारेचा सांगाडासुद्धा हातानं वाकवलेला. दोन माणसांच्या दोन बाजू नऊ मिलिमीटरनं चुकल्या तर तुम्ही त्याला अपघात म्हणता?”

“एझ्झिओची बाजू आखूडच असायची,” नेरिओ झाडाखालून म्हणाले. “माणूसच आखूड होता.”

अध्यक्ष तेबाल्दी हसले. कोटाच्या खिशाला रुमाल, पायात वाहन चालवायचे मऊ बूट, आणि त्या बुटांना कधी धूळ लागलेली कुणी पाहिली नव्हती. त्यांची लाल बालेस्त्री पलीकडेच उभी होती. तिच्याशेजारी निळी होती, बोलोन्याच्या दातांच्या डॉक्टरांची. दोन्हींना सकाळीच प्रमाणपत्रं मिळाली होती. दोन्ही ट्रकवर चढून आल्या होत्या.

“उस्ताद, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे,” तेबाल्दी नेरिओंना म्हणाले. “पण आठवणी म्हातारपणी जरा गोड होतात. आपण साधा प्रयोग करू. डॉक्टरांचं बॉनेट काढून माझ्या गाडीला लावू. आणि मग नीवेसबाईंच्या गाडीला लावू. सगळ्यांसमोर.”

डॉक्टर खूश झाले. चौघांनी मिळून तिन्ही गाड्यांची बॉनेटं सोडवली आणि निळं लाल गाडीवर ठेवलं. ते असं बसलं की भोकासमोर भोक आलं, आणि फटीत खेळायचा पत्ता शिरेना. अंगणात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेच बॉनेट नीवेसच्या करड्या गाडीवर ठेवलं तर डाव्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली आणि उजवीकडे ते उचललं गेलं.

“बघा,” तेबाल्दी म्हणाले. “याहून वेगळं काय सांगायचं?”

नीवेसच्या तोंडात शिवी आली होती. पण त्याआधी नेरिओ हसायला लागले. पीचचा रस हनुवटीवरून ओघळला तरी ते हसत राहिले.

“इंजिनियर,” ते म्हणाले, “ते बॉनेट पालथं करा. कडेला आकडा असेल.”

मोर्सेल्लीनं वाकून बघितलं. “नऊ.”

“लालचं?”

“चार.”

“आता मला सांगा, आम्ही आकडे कशाला ठोकायचो?”

“कुठलं बॉनेट कुठल्या गाडीचं ते कळावं म्हणून.”

“आणि कुठलंही बॉनेट कुठल्याही गाडीला बसत असतं, तर आम्हाला काय खाज होती?”

मोर्सेल्ली तसाच वाकलेला राहिला. मग तो उठला, लाल गाडीसमोर तिपाई मांडली, मापं घेतली. निळीसमोर मांडली, परत घेतली. दोन्ही आकडे त्यानं शेजारी शेजारी लिहिले. त्याला वेळ लागला, पण कुणी जागचं हललं नाही. फक्त डॉक्टर घड्याळाकडे बघत होते.

“दोन्ही गाड्यांत फरक तीन दशांश मिलिमीटर,” तो शेवटी म्हणाला. “एक बासष्टची, एक चौसष्टची. हातानं केलेल्या.” त्यानं चष्मा काढला. “हे होऊ शकत नाही. ही दोन्ही अंगं एकाच साच्यावर काढलीत. अलीकडे.”

“जुनं अंग फार झिजलं होतं,” डॉक्टर म्हणाले. “दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, नवीन परवडेल.”

“आणि आकडे?” नीवेसनं विचारलं.

“तेही त्यानंच ठोकले. छान दिसतात म्हणाला.”

तेबाल्दींच्या मानेवर लाली चढली, पण आवाज तसाच गुळगुळीत राहिला. “हा तांत्रिक समितीचा विषय आहे. नोव्हेंबरच्या बैठकीत घेऊ. तोवर नमुना तोच राहील, नियम तसाच आहे. नीवेसबाई, रविवार तुमचा बुडावा असं मलाही वाटत नाही. तात्पुरता नंबर देतो. या कागदावर फक्त सही करा, की डावी बाजू सदोष आहे आणि हिवाळ्यात तुम्ही ती दुरुस्त करून घ्याल.”

नीवेसनं कागद वाचला. ‘सदोष’ हा शब्द छापलेलाच होता. म्हणजे यापूर्वीही लोकांनी सह्या केल्या होत्या. कुणाकुणाच्या बाजू कापल्या गेल्या असतील, आणि कापणाऱ्यांना वाटलं असेल आपण गाडी मुळावर आणतोय.

“कर की सही,” नेरिओ म्हणाले.

“बाबा.”

“अगं, नोव्हेंबरपर्यंत मी कुठे असेन ते मला माहीत नाही. सदोष तर सदोष. बायकोनं जन्मभर मला सदोषच म्हटलं. मला त्या घाटात वर जायचंय.”

“आणि हिवाळ्यात करवत कुणाच्या हातात देऊ? तुमच्या?”

“हिवाळ्यात तू विसरशील. मीही विसरेन.”

“हे लोक विसरणार नाहीत. नोंदवहीत ते कायमचं राहील. उद्या कुणी माझ्यानंतर गाडी घेईल, वही उघडेल आणि तुमची बाजू कापून टाकेल.”

“पोरी, तुझा राग रविवारच्या आड येतोय.”

“येऊ दे.”

तिनं पेन घेतलं. सहीच्या जागेवर तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं: डावी बाजू नेरिओची, उजवी एझ्झिओची, दोन्ही १९६३ सालच्या. कापायच्या नाहीत. आणि कागद तेबाल्दींच्या नाही, मोर्सेल्लीच्या पुढ्यात धरला.

“मापं तुमची आहेत. खरी आहेत ना?”

“खरी आहेत.”

“मग लिहा.”

मोर्सेल्लीनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष अक्रोडाच्या झाडाकडे बघत होते. त्यानं खाली लिहिलं, फरक नऊ मिलिमीटर, अपघाताची खूण नाही, आणि सही केली. “मापांखाली सही करायला मला कुणी अडवू शकत नाही,” तो म्हणाला, पण जरा हळूच.

“नंबर मिळणार नाही,” तेबाल्दी म्हणाले.

“ठेवा तुमच्याकडे,” नीवेस कागदाची घडी खिशात घालत म्हणाली. “ लालला दोन लावा, ट्रकवर शोभून दिसतील.”

नेरिओ तोंड फुगवून बसले होते. नीवेसनं करडं बॉनेट परत चढवून घेतलं. तिनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, करड्या गाडीत बसवलं, पट्टा आवळला. काय करतेस म्हणून त्यांनी विचारलं, तोवर तिनं किल्ली फिरवली होती. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. अंगणातले लोक बाजूला झाले आणि ती फाटकातून बाहेर पडून डोंगराच्या दिशेला वळली.

शुक्रवारची दुपारची चारची वेळ. रस्ता बंद नव्हता. तोर्रे मायनानंतर दुधाचा टँकर पुढे आला आणि तीन वळणं त्यांना दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागलं. गाडी गुरगुरत होती, कार्ब्युरेटर शिंकत होते.

“रविवारी टँकर नसता,” नेरिओ म्हणाले.

“माहितीय.”

“लोक असते. टाळ्या असत्या.”

“माहितीय, बाबा.”

चौथ्या वळणावर टँकर शेताकडे वळला. पुढे सरळ चढ होता आणि त्यावर कुणी नव्हतं. नीवेसनं पाय दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांवर गेला, सहा हजारांवर गेला, आणि नेरिओ काहीतरी बोलले ते तिला ऐकू आलं नाही. तिनं तिसरा टाकला. वळणावर ती आत शिरली, मागची चाकं जराशी सरकली, सावरली. तिचा राग मावळला नव्हता. सोमवारी ती समितीच्या एकेका सदस्याला पत्र लिहिणार होती, त्या कागदाच्या प्रतीसकट, आणि मजकूर ती आत्ताच जुळवत होती.

“काय म्हणालात मघाशी?” पुढच्या वळणाआधी वेग कमी झाला तसं तिनं विचारलं.

“म्हटलं, तिसरा उशिरा टाकलास,” नेरिओ ओरडले. एका हातानं त्यांनी दाराची कड घट्ट धरली होती. “परत मागे घे. ते वळण परत करू.”