मस्कतची वाट

खंडेराव वारले तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा सोमनाथ मस्कतला नोकरीवर होता. "मला पोचायलाच दोन दिवस लागतील, माझ्यासाठी थांबू नका," असं त्याने फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याची बढतीची मुलाखत होती, हे तो बोलला नाही. अग्नी पुतण्या दत्तूने दिला. सोमनाथ थेट दहाव्याला आला.

त्यानंतर मखमलाबादच्या मळ्यात कोणी विषय काढला की सगुणाबाई मुलाची बाजू घ्यायची. "लेकरू तरी काय करणार? दोन दिसांची वाट हाय."

यंदा सोमनाथ स्वतः येऊन आईला मस्कतला घेऊन गेला. दुपारी गाडीने नाशिक सोडलं. भिवंडीला वाहनं अशी तुंबली की विमानतळ गाठेपर्यंत सगुणाबाईची कंबर धरली. विमानात जेवण झालं, जरा डोळा लागला, तोच खाली दिवे दिसायला लागले.

"आता दुसरं विमान कुठून धरायचं?" तिने विचारलं.

"नाही धरायचं. आलं मस्कत."

"एवढ्यात?" ती म्हणाली. "यापेक्षा मुंबईलाच जास्त वेळ लागला की."

सोमनाथ पट्टा सोडवण्यात गुंतल्यासारखं करत राहिला. आई आता अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, विषय काढेल म्हणून तो महिनाभर धास्तावलेला होता. पण तिने नातीला, आरोहीला, मांडे करून खाऊ घातले, सुनेशी गप्पा मारल्या आणि तो विषय एकदाही काढला नाही.

तो तिला परत सोडायला आला त्या दिवशी तिची जाऊ रंगूबाई, म्हणजे दत्तूची आई, ओसरीवर वाट बघत बसली होती. दत्तू गाडीतून सामान काढत होता.

"किती लांब हाय गं ते?" रंगूबाईने विचारलं.

"लय लांब," सगुणाबाई म्हणाली. "दोन दिस गेले बाई. अंग नुसतं आंबून गेलं."

दारात उभ्या सोमनाथचे कान तापले. आई खोटं बोलत होती, तेही त्याच्यासाठी. त्याला ते सोसेना.

"काकू, विमानाने तीन तासही लागत नाहीत," तो म्हणाला. "अण्णा गेले तेव्हा मला येता आलं असतं. मी आलो नाही."

दत्तूने मान खाली घातली. रंगूबाईने मात्र सोमनाथकडे पाहिलंच नाही. ती जावेकडे बघत राहिली. सगुणाबाईचा चेहरा पडला. पदर सावरत ती आत गेली.

बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"आई, तुला माझ्यापायी खोटं बोलावं लागू नये म्हणून..."

"महिनाभर तुझ्या घरात होते मी," तिने तोंड न वळवता म्हटलं. "येकदा माझ्यापाशी बसायचं, मला सांगायचं. मी काय टाकलं असतं तुला? ते जमलं नाय. आन् आज चारचौघांत मला खोटं पाडलंस. आता रंगूबाईला कोणतं तोंड दाखवू?"

बाहेर रंगूबाई चहाला न थांबता निघून गेली. सगुणाबाईने उकळायला ठेवलेलं पाणी कमी केलं.

दत्तू दोन्ही हातांत बॅगा घेऊन आत आला. "दादा, या कुठं ठेवू?"

त्या घ्यायला सोमनाथ पुढे झाला, पण दत्तूकडे मान वर करून बघणं त्याला काही जमलं नाही.