तिपेडी वात

"बुडाली बगा परत," अंजना म्हणाली आणि काचेच्या पेल्यात डोकावली. वितळलेल्या मेणात कापसाची वात आडवी झाली होती आणि तिच्या टोकातून धुराची बारीक रेघ निघत होती. कडेचं मेण मात्र विहिरीच्या काठासारखं जसंच्या तसं उभं होतं.

मनुबाई भिंतीला टेकून कापसातली सरकी काढत होती. तिनं पेल्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बोलली काही नाही.

मनुबाई बोलली नाही, हे कुंडल गावात कुणाला सांगितलं असतं तर त्यानं हसण्यावारी नेलं असतं. शेजारणीच्या भाकरीपासून सरपंचाच्या धोतरापर्यंत सगळ्यावर तिला बोलायचं असे. त्यातून विषय वातींचा. गावातल्या देवळांत, लग्नांत, श्रावणात वाती जायच्या त्या मनुबाईच्या हातच्या. कोणती वात कशात तगेल हे तिलाच विचारावं. पण गेले काही दिवस घरात वातींचाच पसारा पडला होता आणि बाई तोंडाला कुलूप घालून बसली होती.

कारण उघड होतं. ह्या पेल्यात मेणबत्ती धड जळली, की अंजना घर सोडून मिरजेला जाणार होती.

अंजना तिची सून. मनुबाईचा एकुलता एक जोतीराम फौजेत होता. गेल्या साली डोंगरात त्याची गाडी दरीत कोसळली आणि सगळं संपलं. मनुबाईचा नवरा तर जोतीराम पाळण्यात असतानाच गेलेला. घरात उरल्या ह्या दोघी आणि गोठ्यात एक म्हैस. अंजनाच्या मांडीवर लेकरूही नव्हतं.

मिरजेत दवाखान्याजवळ बायकांचं एक उद्योगघर होतं. काम मिळे आणि राहायला खोलीही. ते चालवणाऱ्या रंगूबाईंनी अंजनाला सांगितलं होतं, "शिवणाला बायका आहेत माझ्याकडं. मला मेणबत्त्या करणारी हवी. लाईट रोज जाते, आणि उभ्या मेणबत्त्या वॉर्डात गादीवर कलंडतात. काचेच्या पेल्यात ओतलेल्या पाहिजेत. तळापर्यंत जळेल आणि पेला तडकणार नाही अशी करून आण. मग खोली तुझी." पेले आणि मेणाची लादी त्यांनीच दिली होती.

पोरीनं आधी केली ती देवापुढची वात, घरात रोज वळली जाते ती. ती तेलात सुखानं जळते, मेणात मऊ पडून बुडते. मग कंदिलाची पट्टी घातली. तिनं काजळी धरून पेला तव्यासारखा काळा केला. सुतळीनं तर घरभर धूर केला आणि म्हैस खोकायला लागली.

"आत्याबाई, तुमी तरी कायतरी सांगा की. वातीतलं तुमाला कळतंय."

"मला तेलातलं कळतंय," मनुबाई म्हणाली. "मेणातलं मला काय म्हाईत?"

हे धादांत खोटं होतं. महादेवाच्या देवळात तुपाचा मोठा दिवा लागायचा. थंडीत तूप दगडासारखं थिजायचं, आणि थिजलेल्या तुपात साधी वात अशीच बुडायची. त्यावरचा उपाय मनुबाईच्या सासूनं तिला शिकवला होता. तूप काय नि मेण काय, थिजण्याच्या बाबतीत भाऊभाऊच. पण सांगितलं की पोर जाणार. मग भाकरी कुणासाठी थापायची आणि भांडायचं कुणाशी? मनुबाईला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनानं सुताचे पुष्कळ पदर एकत्र पिळून जाडजूड वात घातली. ज्योत वीतभर उठली. अंजना हरखून पेला उचलायला गेली आणि काच तडकली. तापलेलं मेण तिच्या बोटांवर सांडलं. मनुबाईनं धावत जाऊन तिचा हात पाण्याच्या बादलीत धरला.

"जाऊ द्या आत्याबाई," अंजना पाण्याकडं बघत म्हणाली. "न्हाई जमत मला. न्हाई जात मी मिरजंला."

मनुबाईला हायसं वाटलं. इतकं, की सण ना वार, तिनं त्या दुपारी गव्हाची खीर केली. तूपही सढळ हातानं सोडलं. अंजनानं ती मुकाट्यानं खाल्ली, वाटी धुऊन पालथी घातली आणि सासूशेजारी येऊन बसली. भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले, मनुबाईच्या पुढ्यातला कापूस ओढून घेतला आणि दुखऱ्या बोटांनी पोटरीवर वात वळू लागली.

"मला बी नीट शिकवा," ती म्हणाली. "आता ह्येच करायचं."

मनुबाई बघतच राहिली. नवरा गेला त्या साली ती स्वतः ह्याच भिंतीला अशीच टेकून बसली होती, आणि सासूनं तिच्या ओंजळीत कापूस घातला होता. हात गुतवून ठेव, म्हंजी डोस्कं फिरत न्हाई, म्हणाली होती. हात गुंतले ते गुंतलेच. वाती वळता वळता केस पांढरे झाले. पण तिच्याजवळ निदान जोतीराम होता, त्याचं रडणं होतं, त्याची शाळा होती. ह्या पोरीजवळ काय होतं? एक म्हातारी. आणि म्हातारी तरी किती पुरणार होती? आपण पोरीच्या हरण्याचं गोडधोड करून खाल्लं, ह्याची मनुबाईला मनस्वी लाज वाटली.

"ठेव त्यो कापूस," ती म्हणाली. "फळीवरचं सूत आण. आन मेण तापीव."

अंजनानं सूत आणलं. मनुबाईनं त्याचे तीन पेड केले आणि एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून वेणी घालायला घेतली.

"नुसता पीळ दिलास तर वात वाकती. तीन पेडाची घातली की ताठ ऱ्हाती. घट्ट घालायची, पर लय बी न्हाई, मेण वर चढाय पायजे. पेल्याचं तोंड बघून सूत धरायचं. जाड झाली की काच तापती, बारीक झाली की बुडती. आन आदी मेणात बुचकळून सरळ वाळवायची."

अंजनाचे हात थांबले. "तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"पयल्यापास्नं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू गेली असतीस म्हणून," मनुबाई म्हणाली.

अंजनानं सासूच्या अंगठ्यातलं टोक सोडवून घेतलं आणि आपल्या हातात ताणून धरलं.

वात वाळल्यावर त्यांनी ती पेल्यात सोडली, तोंडावर आडव्या ठेवलेल्या खराट्याच्या काडीला वरून बांधली आणि मेण ओतलं. सकाळी पेटवली. मेण कडेपर्यंत सारखं वितळत गेलं. दोघींनी धारा काढल्या, शेण भरलं, भाकऱ्या केल्या. ज्योत शांतपणे खाली उतरत होती. दिवस कलल्यावर तळाशी पोचली. काच शाबूत होती.

उरलेले पेले तसेच भरून दोघी मिळून मिरजेला गेल्या. रंगूबाईंनी एक पेला पेटवला, काचेला हात लावून पाहिला, समाधानानं मान हलवली आणि खोलीची किल्ली अंजनाच्या हातावर ठेवली.

"ह्या तुमच्या सासूबाई का?" त्यांनी विचारलं.

"आई हाय मी तिची," मनुबाईच बोलली.

मनुबाईला लेक नव्हती. पोरगी घराबाहेर धाडायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. पण अशा वेळी आई काय करते, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं आपल्या पदराची गाठ सोडली. आत मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी होती.

"पदर पसर."

अंजना दचकली. विधवेची ओटी भरत नाहीत, आणि विधवेनं तर कुणाचीच भरायची नाही. ओसरीवर शिवणयंत्रं चालली होती, ती एकेक करून थांबली.

"आत्याबाई, लोक बगत्यात."

"बगू दे. पसर."

अंजनानं पदर पसरला. मनुबाईनं तांदूळ आणि खोबरं त्यात घातलं आणि पदराचं टोक तिच्या कमरेला नीट खोचलं. कुंकू लावायची सोय नव्हती. तिनं नुसता अंगठा अंजनाच्या कपाळावर टेकवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग, एसटी चुकेल म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.