पाळण्याला बांधलेला माउस

तिच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक मुकादम बसलेला असे. हे नाव तिनंच ठेवलेलं. खरं तर तो कंपनीनं घातलेला प्रोग्राम. माउस हलत राहिला की त्याचा दिवा हिरवा, थांबला की लाल. लाल म्हणजे बाई कामचुकार. घरी बसून करारावर काम करणाऱ्या सगळ्यांच्याच मानगुटीवर तो होता. तिचा करार याच आठवड्यात वाढायचा होता, नाहीतर संपायचा होता. आणि नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर त्या करारावरच उभं होतं.

सोमवारी दुपारी बाळाला पाजता पाजता तिला चूक सापडली. ग्राहकानं बटण घाईनं दोनदा दाबलं की ऑर्डरही दोनदा जायची. सगळी टीम कधीची त्यापुढे हात टेकून बसली होती. बाळाच्या जावळावरून बोट फिरवत तिनं मनातल्या मनात कोड उलगडला आणि नेमकी ओळ गाठली. बाळ झोपल्यावर दुरुस्तीही केली.

संध्याकाळी मॅनेजरचा निरोप आला : 'दुपारी आपण गैरहजर होतात. ही शेवटची समज.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गैरहजर? मी?"

"त्या मेल्याला नुसतं हलतंच हवं ना?" सासूबाई पाळणा हलवत म्हणाल्या. "मग बांध तुझा माउस पाळण्याला!"

रागाच्या भरात तिनं खरंच बांधला. पाळण्याच्या कडेला पट्टी, पट्टीच्या टोकाला माउस, माउस टेबलावर. पाळणा झुले, माउस सरके, मुकादम खूश.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेब फुलून आले होते. "मॅडमकडे बघा! घरात तान्हं बाळ, तरी दिवा हिरवागार! त्यांचा करार वाढवतोय. आणि तुमचा दिवा सारखा लाल, तुमचा मात्र थांबवतोय," ते चुका तपासणाऱ्या टेस्टरला म्हणाले.

"सर, मी कागदावर आकृत्या काढून तपासत होतो..."

"मग मॅडमना कसं जमतं? यापुढे सगळ्यांना त्यांचंच माप."

बटण दोनदा दाबल्यावरच गोची होते, हे पहिल्यांदा त्या टेस्टरनंच शोधलं होतं. पडद्यावर त्याची मान खाली गेली. तिनं गप्प बसायचं ठरवलं. क्षणभरच. मग लॅपटॉप उचलून कॅमेरा पाळण्याकडे वळवला.

"हे बघा तुमचं माप, सर. आठवडाभर दिवा यानं लावला. सोमवारी मी खरं काम केलं, तेव्हा तुम्ही मला गैरहजर मांडलंत. करार वाढवायचाच असेल तर याचा वाढवा. पण माझ्या नावावर दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि घाईघाईनं माइक बंद केला.

"ही फसवणूक आहे, मॅडम! तुमचाही करार..."

"कळलं," म्हणत तिनं लॅपटॉप मिटला. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"हलवू का गं अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको, आई. झोपलाय तो."

तिनं वाकून पट्टी सोडवली.